फाशीनंतरचं हसू

"अहो मॅडम, आपल्या मालिकेत टाइम मशीन आहे ना? मग मला फाशी कशाला? लंडनला परत पाठवा की, हवं तेव्हा बोलवा!" सुधन्वा ओरडला. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला खुनी बनून तो वर्षभर काळ्या कोटात घामानं भिजला होता. आज त्याला नारळ मिळणार होता.

"चॅनेलनं ठरवलंय. लटक आणि गप घरी जा," दिग्दर्शिका मॅडम म्हणाल्या.

तो लटकला. शॉट ओके झाला. मेलेल्यानं कॅमेऱ्याकडं बघून हसायचं, नाहीतर युनिटला अपशकुन, ही सेटवरची रीत. सुधन्वा हसेना. अपशकुनाच्या भीतीनं लाइटवाले पुढच्या शॉटसाठी जागचे हलेनात.

"हस रे बाबा!" मॅडम गयावया करायला लागल्या.

"आधी मला जिवंत करा, मग हसतो." त्यानं गळ्यातला फास काढून त्यांच्या हातात दिला. "लटकून झालं, आता तुम्ही म्हणालात तसा गप घरी निघतो."