चौथं पाऊल

रस्ता ओलांडताना तुषारचा कृत्रिम पाय नेहमीसारखा चौथ्या पावलाला अडला आणि रिक्षा त्याला घासून गेली. त्याची बहीण मुक्ता अशाच पायांचे प्रोग्रॅम लिहायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती चहाही न घेता स्क्रीनपुढे बसली.

"चालण्याच्या तयार कोडची ती लायब्ररी सगळ्या कंपन्या वापरतात," टीम लीड म्हणाला. "वीस वर्षं चाललंय ना? मग हात लावू नकोस."

"चाललंय कुठे, सर? दर चौथ्या पावलाला थांबतंय. सगळ्यांनी जसंच्या तसं उचललं, उघडून कुणीच बघितलं नाही."

दुपारी तिला त्या कोडमध्ये ती ओळ सापडली. चार पावलांनंतर अर्धा सेकंद थांबायचं. का, ते लिहिलेलं नव्हतं. वर फक्त लिहिणाऱ्याचं नाव होतं: वासुदेव कुलथे, मिरज. तिने तडक नंबर शोधून फोन लावला.

"मी माझीच चाल मोजून घातली होती," कुलथे म्हणाले. "तेव्हा बायकोचा गुडघा धरायचा. चार पावलं झाली की मी तिच्यासाठी थांबायचो. फुकट दिलेला कोड, घेणारा तपासून घेईल असं वाटलं."

"काका, माझा भाऊ काल मरता मरता वाचला."



"काढून टाक ती ओळ. आजच काढ. फक्त हिच्या पायात जुनंच राहू दे."

"काकूंनाही पाय बसवलाय?"

"गेल्या वर्षी. आता मी मागे पडतो आणि ती थांबते."