पंपाला हरवणारा हिरामण

नळीचं टोक ओठांत धरून हिरामण उभा राहिला. लोखंडी घोडीवर मशीनच्या तेलाची दोन भरलेली बॅरलं चढवली होती. एकात त्याची नळी, दुसऱ्यात मनालीताईंनी विकायला आणलेला हवेचा पंप. कॉम्प्रेसरची हवा सोडली की तो आपोआप तेल उपसतो, कुणाला तोंड लावावं लागत नाही, असं त्या सकाळपासून सांगत होत्या.

अंबडच्या त्या कारखान्यात बॅरलमधलं तेल कॅनमध्ये काढायचं काम हिरामण तीस वर्षं करत होता. एक दमदार ओढ, आणि तेल ओठांशी यायच्या आत नळी कॅनमध्ये. खाली थेंब पडत नसे. पंपाचं कानावर आल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. शेवटी त्याने शर्यतच लावली. पंपाने आधी कॅन भरला तर तेलाचं काम सोडून वॉचमन म्हणून गेटवर बसेन, असं तो सगळ्यांदेखत बोलून गेला.

मालक रविराजशेठनी एक, दोन, तीन म्हटलं. हिरामणने गाल आत जाईस्तोवर ओढलं. इकडे पंपाची नळी कॉम्प्रेसरला बसेचना. मनालीताईंना पाना सापडेपर्यंत हिरामणचा कॅन काठोकाठ भरला होता. घाईत दोन घोट पोटात गेले, ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. कामगारांनी त्याला खांद्यावर घेतलं. मनालीताई पंप रिक्षात टाकून गेल्या.

रात्री त्याने आमटीला तेलाचा वास येतोय म्हणून ताट सरकवलं. आमटीला नाही, तुमच्या तोंडाला येतोय, असं म्हणत त्याच्या बायकोने, यशोदाबाईंनी, आपली उशी उचलली आणि त्या बाहेरच्या खोलीत झोपायला गेल्या.

सकाळी शेठनी त्याला बोलावून पेढा भरवला. पंपाचा विषय आता कायमचा मिटला, म्हणाले. मग ते त्याला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे चाळीस बॅरलं उभी होती.

"हिरामणभाऊ, मशीनला हरवणारा माणूस आपल्याकडे असताना चिंता कसली? आजपासून हीसुद्धा तुमचीच."

हिरामणचा पेढा तोंडातच राहिला. शेठ गेल्यावर तो बॅरलांच्या आड गेला, मनालीताईंना फोन लावला आणि हळूच म्हणाला,

"ताई, पंप घेऊन परत या. या वेळी मी नीट हरतो."