पाय सावलीत, डोकं उन्हात

"आठच्या आत पाणी घातलंस का?" सिक्स्टेनने विचारलं. ये नाही, बस नाही.

"घातलं रे बाबा." गुनवोरने कोट काढून खुर्चीवर टाकला. "रोज घालते. सगळी आळी झोपलेली असते आणि मी आपली झारी घेऊन उभी."

"आठनंतर चालत नाही."

"मागच्या रविवारीही हेच ऐकलं."

पक्षाघाताने डावी बाजू गेली तेव्हापासून तिचा नवरा सिक्स्टेन स्वीडनमधल्या काल्मारच्या या वृद्धाश्रमात होता. इथे आल्या आल्या त्याने एकच हट्ट धरला. घराच्या मागच्या भिंतीवर क्लेमॅटिसची वेल हवी, जांभळ्या फुलांची. जन्मभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला सत्त्याहत्तराव्या वर्षी फुलं आठवावीत, याचं गुनवोरला नवल वाटलं. पण मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

मे महिन्यात तिने मागचं दार उघडलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, गुडघाभर गवत माजलं होतं. तिने रोप आणलं, दोन विती खोल खड्डा खणला. "वेलीचे पाय सावलीत आणि डोकं उन्हात हवं," असं सिक्स्टेनने बजावलं होतं, म्हणून मुळाशी चपटे दगड रचले.

दर रविवारी नवं काम निघे.

"शेजारी फोल्केकडे जा, मुरलेलं शेणखत माग. फोन नको करूस. जाऊन माग."

ती गेली. फोल्केने बसवून घेतलं, कॉफी पाजली, रुबार्बचा केक खायला लावला. पुढच्या आठवड्यात वेलीला दोऱ्या बांधायला तोच शिडी घेऊन आला.

"रोज किती वाढली ते मोजून ठेव," सिक्स्टेन म्हणाला.

"मोजून काय करायचंय? तिला काय समुद्रात सोडायचीय?"

"मला बघता येत नाही ना. आकडा तरी दे."

दुसऱ्या दिवसापासून ती टेप घेऊन वेल मोजू लागली.

जूनमध्ये एका सकाळी वेल मान टाकून लोंबत होती. पानं काळी पडलेली. फोल्के म्हणाला, "हा रोगच असतो यांना. जमिनीपासून काप आणि वाट बघ." तिने कापली आणि ओट्यावर बसून रडली. सिक्स्टेनला सांगायचा तिला धीर होईना. तो या वेलीच्या आशेवरच तगून आहे, अशी तिची खात्री होती. दोन रविवार तिने खोटे आकडे सांगितले. रोज सकाळी नुसत्या मातीला पाणी घातलं. तिसऱ्या आठवड्यात दगडांमधून लालसर कोंब वर आला. ती चपला न घालताच फोल्केला सांगायला धावली.

ऑगस्टमध्ये पहिलं फूल उमललं. ते तिने ओल्या कापसात गुंडाळून बसने नेलं.

सिक्स्टेनने ते उजव्या हातात धरलं. मग तिच्याकडे पाहिलं. "उन्हाने नाक सोललंय तुझं."

"तुझ्या या राणीपायी!"

"पुढच्या वर्षी दारावरही एक चढव."

"जीव घेणार आहेस माझा तू."

"चारची बस चुकेल. नीघ."

ती गेल्यावर त्याची देखभाल करणारी सेलाम खोलीत आली. तिने फूल पेल्यात ठेवलं. "किती जीव आहे हो तुमचा त्या वेलीवर!"

"माझा?" सिक्स्टेन खिडकीतून बसथांब्याकडे बघत होता. "मी तुमच्या इथल्या पुस्तकात वाचून सांगतो सगळं. मला फुलांतलं ओ की ठो कळत नाही. आमची मुलगी गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून इथे येईपर्यंत हिला रोज सकाळी हाताला धरून अंथरुणातून मीच उठवत होतो."