दोन वाटा

"हॉस्टेलचं नेट बंद, मग केसपेपरची खिडकी चालू कशी?" शिकाऊ डॉक्टर वैतागून म्हणाला. एरवी हॉस्टेलच्या एका कॉम्प्युटरनं गोंधळ घातला, की अख्ख्या दवाखान्याचं नेटवर्क ठप्प व्हायचं अन् देवळी-सेलूहून आलेले पेशंट रांगेत ताटकळायचे.

फरशी पुसता पुसता शकुबाई म्हणाली, "नेटच्या तारांचा स्विच तोच हाये, बाबू. काल त्यात दोन वाटा येगळ्या केल्या. व्हीलॅन म्हंतेत त्याले. तुमच्याकडची गर्दी आता तुमच्याकडंच राह्यते, इकडं येत नाई."

डॉक्टर पाहतच राहिला. "मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"नागपूरहून इंजिनिअर मॅडम आलती ना, तिनं."

शकुबाईनं पोछा पिळला.

"अन् त्या माह्या लेकीले म्या शिकवलं. हीच फरशी पुसून."