भोंगा
नागपूरचा नावाजलेला ऑर्केस्ट्रा भांडून सोडल्यापासून भैय्याजी साकोलीत रिक्षावर भोंगा बांधून जाहिराती पुकारायचा. आज बाजाराच्या दिवशी नेमकी त्याच ऑर्केस्ट्राची जाहिरात आली होती. नव्या गायकाचं नाव पुकारताना जीभ अडखळत होती, आणि त्यांनी पाठवलेल्या जुन्या कॅसेटमध्ये तर भैय्याजीचाच आवाज होता, गिटारच्याही वर चढणारा. मिरच्या विकणारी रुखमा कान देऊन ऐकत होती. “काय गाते हो! हाच येऊन राहिला ना?” भैय्याजीनं उगाच बटणं फिरवली. शेवटी त्यानं टेप खटकन बंद केला, माईक ओठांशी धरला आणि तेच गाणं स्वतः सुरू केलं. पुकारून पुकारून घोगरा झालेला आवाज बाजारभर पसरला. रुखमानं घाईघाईनं हात हलवला. “तुमचं राहू द्या भाऊ, टेपच लावा. आमाले गाणाऱ्याचा आवाज आयकू द्या.”