लाल खुणेच्या पुड्या

सोसायटीने कचरावेचक बायकांच्या गटाशी ठरवून घेतलं होतं: ओला वेगळा, सुका वेगळा, आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून तिसऱ्या पिशवीत. इमारतीत तान्हं बाळ तिचं एकटीचंच. बाकीच्यांच्या पिशव्या सरळ गाडीत टाकणारी मावशी तिची तिसरी पिशवी मात्र उघडायची आणि एकेक पुडी हातावर तोलून मगच डब्यात टाकायची.

"डायपर चोरून कुणी बंगला बांधलाय का?" नवरा हसला. पण तिच्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

बाळ कालपासून कधी नव्हे ते गाढ झोपून होतं, त्यामुळे आज तिला पडद्याआडून नजर ठेवायला सवड मिळाली. मावशीने पिशवी उघडली, आत पाहिलं आणि मान वर करून थेट तिच्याच खिडकीकडे बघितलं. ती तरातरा जिना उतरून खाली गेली.

"मावशी, रोज काय शोधता हो आमच्या पिशवीत?"

मावशीच्या हातात एक पुडी तशीच होती.

 

"रोज सात पुड्या असतात ताई, चांगल्या जड. आज दोनच आहेत, आणि त्याही हलक्या. बाळाला लघवी होतेय ना?"