कोरी नळी

आमच्या प्रयोगशाळेत लोकांची आईकडची आणि वडिलांकडची वंशरेषा शोधून देतात. दर खेपेला लाळेच्या नमुन्यांसोबत एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची लावायची, असा नियम आहे. ती कोरी निघाली, तरच काम चोख.

आज त्या पाण्यात माणूस निघाला.

आईकडची रेषा माझी होती. म्हटलं, माझाच हलगर्जीपणा, मास्क घसरला असेल. पण वडिलांकडचीही रेषा आली होती, आणि ती फक्त पुरुषांत असते. असा घोळ निस्तरायला आमच्या घरच्यांचेही नमुने नोंदीत ठेवतात. ती रेषा माझ्या नवऱ्याशी जुळली. दोघांची सरमिसळ म्हणावी, तर त्याच्या आईकडची रेषा कुठेच नव्हती.

आई मी, बाप तो. आम्हाला मूल नाही.

पाण्याची नवी बाटली फोडून पुन्हा तपासलं. तोच मुलगा.

मी सगळं तसंच टाकून निघाले. या खोलीला दोन दारं आहेत आणि मध्ये चिंचोळी जागा. तिथे कोणी असलं, की आतलं दार उघडत नाही. दारावरचा दिवा लाल होता.

काचेच्या दारातून पाहिलं. मध्ये कोणी नव्हतं.

मी पहारेकऱ्याला फोन लावला.

"मॅडम, मध्ये कोणीतरी आहे. त्यांना आधी बाहेर येऊ द्या."

"अहो, इथे कोणी नाही."

"मग यंत्र काय खोटं बोलतंय?"

मी पुन्हा काचेकडे वळले. खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, काचेवर पलीकडून श्वासाची वाफ जमत होती, विरत होती, पुन्हा जमत होती.